मोजेयंत्रावरचा ‘स्टेडिली’

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझे नाव स्टेडिली. मित्रांनो, नावाला घाबरू नका, आमचे घराणे अगदी साधे आहे. माझे आजोबा ‘स्टेड’, म्हणजे जागा. त्यांच्यापासून ‘स्टेडी’ झाला, जागचा न ढळणारा. तो माझा बाप. त्याला ‘ली’चे शेपूट लागले आणि माझा जन्म झाला. ‘इन्स्टेड’ आमचा चुलता. तो सदा दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो, म्हणून आमचे फारसे पटत नाही.

कारखान्यात मला पितळी पट्टीवर कोरले आणि मोजे विणण्याच्या यंत्रावर, दांड्याशेजारी ठोकले. ‘दांडा स्टेडिली फिरवा’, एवढाच माझा संसार. कितीतरी मोजे माझ्या डोळ्यांदेखत विणले गेले. मग यंत्र अडगळीत पडले. मला कोणी वाचेना, तेव्हा फार वाईट वाटायचे.

एके दिवशी एका आत्याने आम्हाला जुन्या वस्तूंच्या दुकानातून घरी आणले. पहिला जोड नुकत्याच जन्मलेल्या भाचीला विणायचा आणि मग मोज्यांचा धंदा सुरू करायचा, असे तिचे स्वप्न होते. नाही जमले तर संध्याकाळपर्यंत यंत्र परत करायची मुभा होती.

तिच्या भावाने मला वाचले आणि ऐटीत सांगितले, “म्हणजे हळू फिरव.”

झाले! आत्या अर्ध्या फेऱ्यात थांबे, वाकून टाके बघे, मग घाबरत झटका देई. झटक्यासरशी टाके सुटत. मोज्याची पार चाळण झाली. मी आतल्या आत ओरडत होतो, पण माझे ऐकतो कोण!

“जाऊ दे, मला नाही जमायचं हे,” आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

इतक्यात बाळ रडू लागले. “ताई, जरा पाळणा हलवता का?” वहिनीने स्वयंपाकघरातून हाक दिली. आत्या बसल्या जागेवरून पायाने पाळणा हलवू लागली. बाळाशी लाडे लाडे बोलता बोलता तिचा हात आपोआप दांड्यावर गेला. पायाच्या तालावर हात फिरू लागला, ना हळू ना घाईत, एकसारखा. वाकून बघायचे ती विसरूनच गेली. बाळ झोपले तेव्हा खाली अख्खा मोजा लोंबत होता. मला तर नाचावेसे वाटले!

“अगं, हा तर मोजा झाला!” भाऊ म्हणाला.

“मग काय टोपी होणार होती?” आत्या म्हणाली आणि सगळे खो खो हसले. यंत्र परत गेले नाही.

मित्रांनो, मला हळू समजू नका, मी म्हणजे न थांबता, एकसारखे. हाती घेतलेल्या कामाकडे दर क्षणी धास्तीने वाकून बघू नका, हात चालू ठेवा. आणि आमच्यासारख्या जुन्या पट्ट्यांवर अधूनमधून फडके फिरवा. आत्या रोज फिरवते आणि लगेच दांडा धरते. भाचीचे पाय भराभर वाढताहेत, आम्हाला थांबून कसे चालेल?