वीतभर नमुना

आंधळगावच्या वाचनालयात दर रविवारी हर्षा चार मुलींना खुल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करायला शिकवायची. असलं सॉफ्टवेअर जगभरातले लोक फुकट वापरतात आणि फुकटच सुधारतात. तिची आई मंगलाबाई याला ‘बिनपगारी नोकरी’ म्हणायची. म्हणेना का, हर्षाचा जीव त्यातच रमायचा.

चौघींत रेणू हुशार, विणकराची पोर. साडीच्या काठाची नक्षी कागदावर काढून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये तिला चूक सापडली. छापताना नक्षीची शेवटची रेघच कापली जायची. रेणूने चार ओळींत ती दुरुस्त केली, पण ती सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवेल तर शपथ! आज रंग सुधारते, उद्या अक्षरं, असं करत दीड महिना गेला. हर्षाच्या जिवाला घोर लागला. मागच्या वर्षी वर्गातली सरिता अशीच आपली दुरुस्ती पाठवते-पाठवते म्हणत यायची बंद झाली होती. आता ही पोरगीही हातची जाणार, या भीतीने ती लॅपटॉप घेऊन थेट रेणूच्या घरी गेली.

“काहून पाठवत नाहीस व?”

“अर्धं काम कसं पाठवू, ताई? आमच्या घरी अर्धी साडी मागावरून उतरत नाही. लोक हासतीन मले.”

तेवढ्यात शेजारी खटखटणारा माग थांबला. रेणूचे वडील बाबूलाल उठले आणि त्यांनी कोनाड्यातलं गाठोडं सोडलं. आत काठांचे वीत-वीतभर तुकडे होते.

“हे काय आहे मंग? व्यापाऱ्याले पहिले नमुना दाखवा लागते, बेटा. त्यानं रंग बदल म्हटलं तं बदलतो. पुरी साडी विणून दाखवत बसलो असतो, तं कवाच उपाशी मेलो असतो.”

“अन् त्यानं नाक मुरडलं तं?”

“मुरडू दे ना! नाक त्याचं, माग माझा.”

रेणू खुदकन हसली. तिथेच बसून तिने फक्त त्या चार ओळी पाठवल्या. तीन दिवसांनी कुठल्याशा परक्या देशातल्या बाईचं उत्तर आलं, ‘छान. एक ओळ तेवढी बदला.’ रेणूने ती बदलली आणि तिचं काम स्वीकारलं गेलं.

पुढच्या रविवारी वर्ग भरला, तरी रेणूचा पत्ता नव्हता. हर्षा सारखी दाराकडे बघत होती. अर्ध्या तासाने रेणू धापा टाकत आली, कोणाला तरी हाताला धरून ओढत. ती सरिता होती.

“ताई,” रेणू म्हणाली, “इच्याजवळ बी वीतभर आहे.”