मारबुर्गला जाऊन आलेली घोंगडी

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर आधी तुम्ही नाक मुरडाल. मी काळी, खरखरीत, कडेला विरत चाललेली घोंगडी आहे आणि माझ्या अंगाला अजून मेंढरांचा वास येतो. त्याची मला लाज वाटत नाही.

मंगळवेढ्याच्या बाजूला बिरप्पा नावाच्या धनगराचा कळप होता. त्यातल्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरून, पिंजून बिरप्पाच्या म्हाताऱ्या आईने, गोजाबाईने, तिचे सूत काढले. सणगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून वाळवले. घोंगडी ही चालणाऱ्या माणसाची वस्तू. आज या माळावर, तर उद्या त्या ओढ्याकाठी. माझेही आयुष्य असेच जाईल, असे मला वाटले होते.

पण गोजाबाईची नजर जात चालली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा गावात आलेल्या वैदूने त्यात सुई घातली आणि तो डोळा कायमचा गेला. मग दुसराही धुरकट झाला. एकोणीसशे एकोणतीसच्या सुरुवातीला, थंडीत बिरप्पाने तिला बैलगाडीत घालून सोलापूरला, बायकांच्या दवाखान्यात आणले. मी तिच्या अंगावर होते.

तिथे दुर्गाबाई नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. मुंबईला शिकून त्या नुकत्याच परतल्या होत्या. घरी आई रुक्मिणीबाई आणि शाळेत मास्तर असलेले थोरले भाऊ वेणीमाधव, एवढीच माणसे. दुर्गाबाईंना खुर्चीवर बसलेले मी कधी फारसे पाहिले नाही. रोग्याशी बोलतानाही त्या उभ्याच असत.

"मोतीबिंदू आहे, आजी," त्या म्हणाल्या. "पिकला की काढता येतो."

"मग काडा की."

"मला येत नाही. चुकलं तर हाही डोळा जाईल. मिरजेला मोठं इस्पितळ आहे. तिथले डॉक्टर काढतील."

"बाप्याला डोळ्यात सुई घालू द्यायची न्हाय," गोजाबाई म्हणाली. "येकदा दिली, तेवडी बास. तुमी शिका की. मी थांबते."

तिने ते इतके सहज म्हटले, जणू बाजारातून मीठ आणायला सांगत होती. पण दुर्गाबाईंच्या मनातून ते जाईना. त्यांनी वर्षभर अर्ज केले, त्या लोकांना भेटल्या, जर्मन शिकल्या, आणि शेवटी जर्मनीतल्या मारबुर्ग नावाच्या गावी, विद्यापीठाच्या नेत्रचिकित्सालयात एक सहामाही शिकण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. गल्लीत बायका कुजबुजल्या. एकटी पोरगी, आणि एवढ्या लांब! दुर्गाबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बिरप्पा मला घेऊन दारात उभा राहिला.

"आय म्हनली, तितं लई थंडी असंल. ही घिऊन जावा."

असा मित्रांनो, माझा रस्ता बदलला. मुंबईहून बोट, मग इटलीतल्या जिनोआहून आगगाडी. वळकटीत बांधलेली मी, बाहेर काय चालले आहे ते फक्त आवाजांवरून ओळखत होते.

मारबुर्ग हे डोंगराच्या उतारावरचे छोटे गाव होते. वर किल्ला, खाली लान नावाची नदी, आणि मधे रस्त्यांपेक्षा पायऱ्याच जास्त. घरांच्या भिंतींत आडव्यातिडव्या लाकडी तुळया दिसत. फ्राऊ क्लाइन नावाच्या विधवा बाईंच्या घरी माडीवर दुर्गाबाईंना खोली मिळाली. पहिल्याच दिवशी त्या बाईंनी मला दोन बोटांत धरले आणि खिडकीबाहेर लटकवले. खालून जाणारी माणसे माना वर करून पाहू लागली. बोटीवर चढल्यापासून दुर्गाबाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या त्या तेव्हा.

मग अभ्यास सुरू झाला. सकाळी चिकित्सालयात मागे उभे राहून शस्त्रक्रिया पाहायच्या. दुपारी खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या डोळ्यांवर सुरी चालवून हात बसवायचा. "आईला कळलं तर मला विहिरीत बुचकळून काढेल," असे त्या स्वतःशीच म्हणत. संध्याकाळी मात्र त्यांना खोलीत बसवत नसे. उन्हाळ्यात तिकडे ऊन लवकर मावळतच नाही. मला खांद्यावर टाकून त्या नदीकाठाने चालत सुटत, परत येत आणि पुन्हा जिना उतरत. मला वाटे, ही बाई धनगराच्या घरी जन्मायला हवी होती!

एकोणीसशे तीसच्या मे महिन्यात एकदा त्या भरदुपारी घरी आल्या. वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र आले होते आणि त्यात चार ओळी होत्या. गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात गोळीबार झाला, गिरण्या बंद पडल्या, शहर लष्कराच्या ताब्यात गेले. बस, एवढेच. कोण मेले, कोण वाचले, काही नाही. त्यांनी घरी तार केली. उत्तर येईपर्यंत त्या जेवल्या नाहीत, नुसत्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिल्या. खालच्या मजल्यावर फ्राऊ क्लाइनची छतावर टांगलेली दिव्याची हंडी हलत असे.

अखेर तार आली. 'सर्व कुशल. शिक्षण पूर्ण कर. आई.'

"आईनं का केली?" दुर्गाबाई म्हणाल्या. "दादा का नाही करत?"

आणि त्यांनी ट्रंक ओढली. कपडे, पुस्तके, वर मी. फ्राऊ क्लाइन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोहोचायला किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"म्हणजे तीन आठवडे बोटीत येरझाऱ्या घालणार. मग इथेच घाला ना. इथे निदान हात काही शिकतील."

"तुम्हाला नाही कळायचं!" दुर्गाबाई ओरडल्या.

फ्राऊ क्लाइन रागावल्या नाहीत. "युद्धात माझ्या नवऱ्याची खबर येईना, तेव्हा मीही अशीच निघाले होते," त्या म्हणाल्या. "सगळी स्टेशनं हिंडले. तो काही सापडला नाही. इकडे माझी आजारी आई माझी वाट पाहत होती. ती एकटीच गेली."

मग दुर्गाबाईंनी मला ट्रंकेतून बाहेर काढले आणि त्या मला मांडीवर घेऊन बसल्या.

"थांबते म्हणाली होती आजी," त्या मराठीत पुटपुटल्या. फ्राऊ क्लाइनना त्यातले काही कळले नाही, पण त्या जाऊन कॉफी घेऊन आल्या.

मित्रांनो, थांबायचे ठरवले म्हणून मन थांबत नाही. जून तसाच गेला. रोज पोस्टमन येई, आणि रोज दुर्गाबाई जिन्यावर उभ्या असत. जुलैच्या शेवटी प्राध्यापकांनी शेजारी उभे राहून त्यांच्या हातात सुरी दिली. समोर जवळच्या खेड्यातला एक म्हातारा शेतकरी होता. मी तिथे नव्हते. पण त्या संध्याकाळी दुर्गाबाई फ्राऊ क्लाइनना सांगत होत्या, "हात हलले नाहीत हो. पाय मात्र सारखे वळवळत होते."

ऑगस्टमध्ये सोलापूरच्या स्टेशनवर गाडी थांबली. फलाटावर रुक्मिणीबाई एकट्याच होत्या.

"दादा कुठं आहे?"

"तुरुंगात. गांधींची पांढरी टोपी घालून रस्त्यावर निघाला, म्हणून धरला. मे महिन्यातच."

"आणि तू 'सर्व कुशल' लिहिलंस!"

"खोटं लिहिलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "खरं कळलं असतं तर तू निघाली असतीस. त्यानं तो काही सुटला नसता. आणि तुझं शिक्षण मात्र बुडालं असतं."

घरी गेल्यावर माझ्यात तोंड खुपसून दुर्गाबाई खूप रडल्या. आईवरचा राग जायला कितीतरी दिवस लागले. तो पुरता गेला का, हे मला आजही सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुमारास गोजाबाई आली. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन्ही डोळे बांधून, मान न हलवता उताणे पडून राहावे लागते. जन्मभर मेंढरांमागे चाललेल्या त्या बाईला हीच खरी शिक्षा होती.

"पाय वळवळत्यात गं बाय," ती म्हणे. दुर्गाबाईंनी मला तिच्या पायांवर पांघरले आणि त्या स्वतः खाटेशी स्टूल घेऊन बसल्या. हो, बसल्या!

पट्टी सुटली. गोजाबाईने डोळा किलकिला केला, बराच वेळ समोर पाहिले.

"कोन गं तू?"

"मी दुर्गा, आजी."

"तू व्हय!" गोजाबाई म्हणाली. "अगं, येवडीशी पोर हायस की तू! आवाजावरनं मला वाटलं, चांगली थोराड बाई असशील."

दुर्गाबाई हसायला गेल्या आणि त्यांना हुंदका आला.

पुढे वेणीमाधव सुटून आले, वाळलेले पण धड. खेड्यापाड्यांतून बायका दवाखान्यात येऊ लागल्या. सगळ्यांचीच नजर परत आली असे नाही, आणि ज्या दिवशी एखादा डोळा गेला त्या दिवशी दुर्गाबाई सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती अंधार पडेपर्यंत फिरत. मी मात्र खाटांवरच राहिले. एका बाईच्या पायांवरून दुसरीच्या पायांवर, अशी माझी वर्षे गेली.

आता माझी वीण सुटते आहे. मला स्वच्छ करून, घडी घालून, आठवण म्हणून फडताळात ठेवावे असे बोलणे चालले आहे. तेवढे करू नका, मित्रांनो. लोकर अंगावर असली की वर्षानुवर्षे टिकते. पडून राहिली की तिला कसर लागते आणि एक दिवस हातात नुसता भुसा येतो. मला ऊन दाखवा, काठीने झटका, सुटले तिथे टाका घाला, आणि वापरा. आज सकाळीच अक्कलकोटकडच्या अक्कम्मा नावाच्या बाईची शस्त्रक्रिया झाली आहे. तिचे दोन्ही डोळे बांधले आहेत, ती कानडीत काहीतरी पुटपुटते आहे आणि तिचे पाय एकसारखे हलत आहेत. मला तिच्याकडे न्या.