न शिवलेल्या सीटा

देशातच बनणाऱ्या राष्ट्रीय गाडीच्या सीटांची कव्हरं कमसियाच्या शेडमध्ये शिवली जायची. नवरा गेल्यावर तिने गावातल्या बायकांना हाताशी धरून धंदा उभा केला होता. मग गाडीच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि नव्या मॉडेलच्या सीटा तिकडूनच, शिवून, खोक्यांत भरून यायला लागल्या. शेडमधली यंत्रं धूळ खात पडली.

अशात कारखान्याच्या खरेदी खात्याचा रिझुआन उगवला.

"ताई, शुक्रवारी सकाळी आपले बडे साहेब, दातो, पाहणीला येणार आहेत. बायकांना जरा यंत्रांवर बसवा."

"म्हणजे काम देताय?"

"सीटा पाठवतो. तयार आहेत त्या. नुसत्या समोर ठेवायच्या, फोटो होतील."

"शिवलेलं पुन्हा कसं शिवायचं रे? आधी उसवून देऊ का?"

रिझुआन वैतागला. "तुमच्या शिवणी उसवतात अशा तक्रारी होत्या, विसरलात?"

कमसियाचं डोकंच फिरलं. "धागा कुणी बदलला? मी जाड धागा मागत होते. तुम्ही म्हणालात, बाहेरच्या गाड्या स्वस्त झाल्यात, आपल्यालाही किमतीत खाली यावं लागेल. खाली यायला आमचा धागा, आणि मिरवायला आमचे हात?"

"जमवून घ्या, ताई. पुढच्या मॉडेलला तुमचं नाव सुचवतो."

ती नाही म्हणणार होती. पण शेडमधली सोम मावशी आणि बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने मान डोलावली.

शुक्रवारी बायका कंपनीने दिलेले एकसारखे रुमाल डोक्याला बांधून बसल्या. दातो आले, माणसांच्या गराड्यात. एका सीटवरून हात फिरवत म्हणाले, "बघा! हे आपल्या आयाबहिणींचं कसब. कोण म्हणतं आपण जगाच्या मागे आहोत?" मग त्यांनी सोम मावशीला विचारलं, "मावशी, एक सीट शिवायला किती वेळ लागतो?"

मावशीने यंत्रावरचे हात मांडीत घेतले. तिला खोटं बोलता येईना. कमसियाला ते बघवेना.

"दातो, ही सीट आमची नाही. समुद्रापलीकडून आलीय. आमची यंत्रं बंद आहेत."

रिझुआन पांढराफटक पडला. दातो मात्र जराही दचकले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "माहीत आहे मला. भागीदार नसता तर कारखान्यालाच कुलूप लागलं असतं, ताई. जगाशी टक्कर आहे."

"मग तेच सांगा ना लोकांना! हे फोटो कशाला?"

दातो चहाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. कमसिया हात उगारून बोलतेय, दातो वाकून ऐकतायत. खाली मजकूर: 'सीट शिवण्याचं तंत्र समजावून सांगताना स्थानिक उद्योजिका.' कमसियाने पेपरवाल्यांना फोन केला. त्यांनी नाव लिहून घेतलं, छापलं मात्र काहीच नाही.

"गप्प बसली असतीस तर निदान आशा तरी राहिली असती," सोम मावशी म्हणाली.

"कसली आशा, मावशी? दर वर्षी रुमाल बांधून बसायची?"

संध्याकाळी सीटा न्यायला ट्रक आला. ड्रायव्हरने उचलायला बायका मागितल्या.

"ज्यांनी शिवल्या त्यांना बोलाव," कमसिया म्हणाली, आणि तिने शेडचं दार सताड उघडून दिलं. ड्रायव्हर एकटाच सीटा वाहत राहिला.

पुढे तिला शाळेच्या बसच्या सीटांचं काम मिळालं. थोडंच होतं, निम्म्या बायकांना पुरेल एवढं. बाकीच्यांना काम नाही हे सांगायला ती स्वतः घरोघरी गेली. त्या दिवसांत तिला कारखान्याबरोबर स्वतःचाही राग यायचा. पण त्या शुक्रवारी बोलल्याचा पस्तावा तिला कधीच झाला नाही.