नुसती सर्दी

'आजोबांच्या शिंका नुसती सर्दी म्हणून सोडू नका, त्यांनाही एकदा घेऊन या' – लेकीला तपासताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि तिनं हो हो करत लेकीच्या स्वेटरची बटणं लावली होती... आज ते वाक्य परत आलं, लेकीच्या दम्याच्या निळ्या पंपाच्या कडेवर वाळलेल्या पांढऱ्या ठिपक्यापाशी. तिनं तो नखानं खरवडला, वास घेतला. दाढीचा साबण. नवरा मशिननं दाढी करतो. साबण आणि ब्रश एकट्या सासऱ्यांचे.

चिमणीला निळा पंप शेवटचा लागला त्याला महिना उलटला होता. तपकिरी रोज, आत सूज धरू नये म्हणून. नाकातला फवारा, कारण नाक चोंदलं की छातीही कुरकुरते. आणि निळा फक्त दम लागला तरच – हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. ती तपकिरी पंप काढायला लागली की सासरे पेपरामागून ऐकवत, "बरी आहे ना पोर? मग कशाला? सवय लागेल हो." मग लागोपाठ शिंका. "माझं बघ सूनबाई, शिंकलो की मोकळा!"

मोकळा... म्हणजे बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, अर्ध्या दाढीनं हा पंप ओढायचा आणि बाहेर येऊन थट्टा करायची. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी जिन्याचं वळण आठवलं – हल्ली ते तिथं थांबतात, खडा गेल्यासारखी चप्पल काढून झाडतात. खडा पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता. एका छातीला कान लावून बसलेली ती, आणि दुसरी छाती भिंतीपलीकडेच...

"सूनबाई, चहा... झाला का?"

मध्येच श्वास घेतला? की तिलाच तसं ऐकू आलं?

"होतोय. बाबा, उद्या चिमणीला दाखवायला न्यायचंय. याल सोबत?"

"मी कशाला?"

"तुम्ही आधी फुंकलंत तरच ती डॉक्टरांच्या त्या श्वास मोजायच्या नळीत फुंकेल. तुमचंच ऐकते."

पेपर मिटल्याचा आवाज.

"बघू."

पंप पुसून तिनं होता तिथंच ठेवला – त्यांच्या हाताला लागेल असा.

आधण उकळतंय, आणि ती सून म्हणजे मीच, भिंतीपलीकडचा श्वास ऐकत उभी आहे. तुमच्याही जिन्यात कुणीतरी चप्पल झाडत थांबत असेल. मी चहा गाळते. तेवढ्यात तुम्ही जरा त्यांना बघून या.