पिवळ्या शर्टातला पाहुणा

फुटबॉलची स्पर्धा आमच्या देशात भरली आणि अल खोरमधल्या आमच्या गल्लीला पाहुण्यांचं वेड लागलं. ज्याच्या त्याच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, परदेशी लोक. समोरच्या घानिमकडे तर मेक्सिकोवाले भल्यामोठ्या टोप्या घालून मांडी ठोकून बसलेले, आणि घानिम भिंतीएवढा पडदा लावून त्यांना सामने दाखवत होता. आमच्या मुतलकदादाच्या मजलिसीत मात्र चिटपाखरू नाही.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यापासून त्याचं घर मीच बघते. चार दिवस तो फाटकात उभा राहून दिसेल त्या परदेशी माणसाला "या, या" करत होता. माणसं हात हलवायची, त्याचा फोटो काढायची आणि घानिमकडे वळायची.

"तोंडच असं आहे तुझं," मी म्हटलं. "लोकांना वाटतं, दंड वसूल करायला उभा आहे."

म्हटलं खरं, पण पाहुण्यांसाठी शिजवलेला भात रोज शेजारीपाजारी वाटताना मला फार वाईट वाटायचं.

पाचव्या दिवशी, दुपारच्या सामन्याला अर्धा तास असताना, पिवळा शर्ट घातलेला एक उंच माणूस पत्ता शोधत आमच्या फाटकापाशी थांबला. दादाने त्याला पत्ता विचारूच दिला नाही. दंडाला धरून आत आणलं, मधल्या, मानाच्या गादीवर बसवलं आणि धावत स्वयंपाकघरात आला.

"कलथम! ब्राझील आलंय!"

"किती जण?"

"एकच. पण ब्राझील!"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पिवळ्या शर्टाच्या पाठीवर दुकानाचं नाव होतं आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पेचकस डोकावत होते. ब्राझीलहून कुणी पेचकस घेऊन सामने बघायला येत नाही. दादाचा चष्मा सकाळपासून सापडत नव्हता, त्याला काय दिसणार! सांगायला मी तोंड उघडलं, तर दादा गुणगुणत होता. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी तोंड मिटलं आणि भातावर जास्तीचं मटण घातलं.

"बाबा, पडदा कुठाय?" पाहुण्याने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

दादा हरखून गेला. "ऐकलंस, कलथम? आपली भाषा शिकून आलाय!" त्याने आपला जुना टीव्ही लावला. "हा घ्या. हवा तेवढा बघा."

"याला काय झालंय?"

"काही नाही. झकास चालतो."

"मग मी काय करू?"

"जेवा!"

तो बिचारा जेवला. आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस 'कोण, कुठला, कशाला आलास' असं विचारत नाहीत. दादाने तर 'आणखी घ्या' याखेरीज काही विचारलंच नाही.

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, घानिम तणतणत आत शिरला. "मुतलक, माझा पडदा बंद पडलाय! सत्तावीस माणसं काळ्या भिंतीकडे बघत बसलीत. दुरुस्तीवाला गल्लीत शिरला तो गायबच झाला." मग त्याची नजर मधल्या गादीवर गेली. "अरे, हाच तो!"

"तोंड सांभाळ. हे ब्राझीलचे पाहुणे आहेत."

"कसलं ब्राझील? विचार की त्यालाच!"

"तीन दिवस होऊ देत, मग विचारतो. दुरुस्तीवाला निघाला, तर देतो पाठवून."

मी दाराआड ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पण पाहुणाच उठला. हात पुसत म्हणाला, "बाबा, मी ओधियांबो. केनियाचा. पडदे दुरुस्त करतो."

दादाचा चेहरा असा काही पडला की माझं हसू पळालं. म्हणजे त्याच्याकडे कुणी आलंच नव्हतं. आणि ही फजिती मी, त्याच्या सख्ख्या बहिणीने, डोळ्यांदेखत होऊ दिली होती. मला माझीच लाज वाटली.

ओधियांबोने पिशवी उचलली. "नऊ वर्षं इथे आहे. दीडशे मजलिसींत तरी गेलो असेन. सगळीकडे भिंतीकडे तोंड करून काम केलं. 'बस' म्हणणारे तुम्ही पहिलेच."

घानिम जमिनीकडे बघायला लागला. दादाने ओधियांबोच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या पाठीमागे ठेवून दिली.

"घानिम, तुझे सत्तावीस इकडे घेऊन ये. पडद्याचं सामन्यानंतर बघू. आमचं जेवण चाललंय."

आले सगळे, टोप्यांसकट. आमच्या मजलिसीत पाय ठेवायला जागा उरली नाही. घानिमला कशीबशी दाराशी, चपलांच्या शेजारी जागा मिळाली. दादा स्वतः कहव्याची, आमच्या कॉफीची, सुरई घेऊन उठला आणि मधल्या गादीपासून सुरुवात केली. पहिला पेला ओधियांबोला. तो संकोचून उभा राहायला लागला, तसा दादा खेकसला, "बसा!"

मग सत्तावीस मेक्सिकोवाले. एकोणतिसावा पेला घानिमचा होता. त्याने निमूटपणे हात पुढे केला.