कवळी आणि कार्ड

वक्त्यांच्या तोंडातला एकही दात त्यांचा स्वतःचा नव्हता, आणि हे त्यांची बायको व दाताचा डॉक्टर सोडून जगात कुणालाच माहीत नव्हतं. निवृत्त हेडक्लार्कला बोलण्याशिवाय उरतं तरी काय? उद्घाटन असो की शोकसभा, कॉलनीत माईक आधी त्यांच्याकडे जायचा. म्हणून तर सगळे त्यांना वक्ते म्हणत. कवळीची गोष्ट फुटली असती तर त्यांना घराबाहेर पडणं नको झालं असतं.

सगळ्या देशाला मिळून एकच ओळखपत्र येणार हे जाहीर झालं आणि वक्त्यांना दहा हत्तींचं बळ आलं. बँकेला, दवाखान्याला, प्रवासाला एकच कार्ड. यंत्र चेहरा बघणार, कार्ड बघणार, की चोर जागच्या जागी उघडा! "ज्याला लपवायचं काही नाही, त्याला भीती कसली?" हे वाक्य ते इतकं ठासून म्हणत की समोरचा उगाचच खिसे चाचपायचा. विरोधात होता त्यांचा मेव्हणा. हा विमा एजंट. लोकांच्या सोफ्यावर बसून पगार, रक्तदाब आणि वारस विचारण्यात याचा जन्म गेला, आणि आता हाच खाजगीपणाचा कैवारी झाला होता. पुढे कार्डं हातात आल्यावर कॉलनीतल्या स्कूटरी पळवणारा सापडला, तेव्हा त्याचं कार्ड अगदी बिनचूक निघालं. फोटोही छान आला होता. पण त्यामुळे दोघांपैकी कुणाचंच मत बदललं नाही.

कार्डासाठी वक्त्यांना पहिल्याच दिवशी नंबर लावायचा होता. नेमकी आदल्या दिवशी कवळी बेसिनमध्ये पडून तडकली आणि दुरुस्तीला गेली.

"अहो, आठवडाभर थांबलात तर देश बुडणार आहे का?" बायको म्हणाली.

वक्ते ऐकणाऱ्यातले नव्हते. तोंडाला रुमाल लावून गेले, फोटोपुरता तो काढला, आणि कार्डावर गालफडं बसलेला कुणीतरी म्हातारा उमटला.

पुढे बँकेच्या दारात यंत्राने लाल दिवा लावला. वॉचमन म्हणाला, "आजोबा, हे तुम्ही नाही." वक्ते खांबाआड गेले, कवळी खिशात टाकली आणि परत आले. हिरवा दिवा लागला. आत गेल्यावर काय काम आहे ते सांगायला मात्र दात लागत होते. फोटो बदलून घ्यायला ते कार्डाच्या ऑफिसात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "बदलून देतो की. आधी तुम्ही तुम्हीच आहात एवढं यंत्राला पटू द्या." कवळी काढली, यंत्राला पटलं. नव्या फोटोसाठी कवळी घातली, तर यंत्र म्हणे हा माणूस दुसराच कुणी आहे. वक्ते निमूटपणे घरी आले.

अशात वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर वादविवाद ठरला. वक्ते बाजूने, मेव्हणा विरोधात, आणि शेवटी हात वर करून मतदान: कॉलनीच्या प्रत्येक दाराला असं यंत्र बसवावं की नाही. हॉलच्या दाराला ते आधीच बसलं होतं. तो ठराव वक्त्यांचाच.

कुणी पाहायच्या आत आत शिरावं म्हणून वक्ते बायकोला घेऊन खूपच लवकर निघाले. पाहतात तर दारात ही रांग! सेक्रेटरी केसांचा टोप पिशवीत घालून तुळतुळीत उभे. पार्लरवाल्या बाई ओल्या रुमालाने भुवया पुसत होत्या. फोटोच्या दिवशी दाढ सुजलेला व्यायामशाळेचा मास्तर एक गाल फुगवून श्वास धरून होता. एक जोडपं कडाकडा भांडत होतं. नवऱ्याचा फोटो भांडणानंतरचा होता, आणि तसा चेहरा बायकोने चार शब्द सुनावल्याशिवाय जमत नव्हता. सगळे एकमेकांच्या चपलांकडे पाहत होते.

वक्त्यांनी रुमालाआड कवळी काढली आणि मान वर केली, तर समोर मेव्हणा. कालपर्यंतचे त्याचे कलपाचे काळेभोर केस पावडर थापून पांढरेफटक झाले होते.

त्याने मागेपुढे पाहिलं. मग मेव्हणा हळूच म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, दाजी." वक्त्यांनी मान डोलावली. बोलायची सोय नव्हती.

बायको तेवढी यंत्रासमोर सरळ उभी राहिली आणि सरळ आत गेली. पडद्यामागे वक्ते कवळी बसवत होते तेव्हा ती म्हणाली, "पाहिलंत ना बाहेर? सगळ्यांना नको झालंय. कुणीतरी एकाने म्हणायला हवं. तुम्ही म्हणा."

वक्त्यांना लाज वाटली, मनापासून वाटली. "म्हणतो," ते म्हणाले.

आधी मेव्हणा बोलला. खाजगीपणा हवाच, पण अति कशाचंच नको, असं काहीसं गुळमुळीत सांगून तो बसला. पावडर झटकल्यावर केस पुन्हा काळे झाले होते. वक्ते उठले. समोर टोप, भुवया, सगळं जागच्या जागी आलं होतं. कार्डाचा त्रास होतो असं म्हणावं, तर पहिला प्रश्न येणार: तुम्हाला कसला त्रास? त्यांनी तोंड उघडलं आणि जुनंच भाषण बाहेर पडलं, कुठेही न अडखळता. रांगेत सर्वांत जास्त ताटकळलेल्यांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या.

यंत्राच्या बाजूने हात वर करायला सांगितल्यावर सगळ्या हॉलचे हात वर गेले. मेव्हण्याचाही हात वर होता.

सेक्रेटरी मोजता मोजता थांबले. "वहिनी, तुमचा हात राहिला."

"राहिला नाही. मुद्दाम खाली ठेवलाय."

"का हो?"

"माझा फोटो माझ्यासारखा आलाय," ती म्हणाली. "मला कुणाला भ्यायचं कारण नाही."

हॉलमधल्या माना तिच्याकडून वक्त्यांकडे वळल्या. तीही त्यांच्याकडेच पाहत होती. रागाने नव्हे, वाट पाहत. वक्त्यांना उजवा हात खाली घ्यायचा होता, अगदी घ्यायचाच होता. त्यांनी डावाही वर केला.

सेक्रेटरींनी पुन्हा मोजलं. हात आणि डोकी बरोबर जुळली, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.