शेवटची तपासणी

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीसमोर बावीस माणसं उभी होती आणि खिडकीच्या आत ऑर्लीन पिनॉक एकटी. शर्नेटचा नंबर आला तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी नव्हती. तिने वाकून विचारलं, "मिस पिनॉक, तोंड आलंय, त्यावर लावायला काही आहे का हो?"

"तुझं तोंड? तुझं तोंड तर पहाटेपासून झकास चालू असतं."

रांगेतली माणसं हसली. शर्नेटही हसली. "माझं नाही, मावशीचं. जीभ, गाल, आतून सगळं सोललंय. लापशीचा घोटसुद्धा जात नाही."

ऑर्लीनने मलमाची नळी दिली, दिवसातून चार वेळा लाव, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांग, म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आणखी तिघांना औषधं दिली. चौथा एक म्हातारा होता, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजताना तिचा हात थबकला. शर्नेटची मावशी म्हणजे मिस आयसिल्डा डॉकरी. आणि मिस आयसिल्डांना गेल्याच आठवड्यात सांधेदुखीची नवीन गोळी सुरू झाली होती.

"थांबा जरा," असं म्हणून ती मागच्या कपाटापाशी गेली आणि तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उपसला. डॉक्टरांचं अक्षर चांगलं ठसठशीत होतं. मेथोट्रेक्सेट, चार गोळ्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. चिठ्ठीला लेबलची नक्कल टाचलेली होती. त्यावर छापलं होतं: चार गोळ्या, रोज. खाली दोन चौकटी. एकीत औषध भरणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची. दोन्हीकडे तिचीच अक्षरं.

ही गोळी सोमवारी घेतली की पुढच्या सोमवारपर्यंत डबीला हात लावायचा नाही. रोज पोटात गेली तर ती सांधे सोडून रक्तावर उठते. आणि ती अंगावर उठल्याची पहिली खूण म्हणजे तोंड येणं. पुस्तकातलं ते पान ऑर्लीनच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मागच्या बुधवारपासून आजचा गुरुवार. नऊ दिवस झाले होते.

ऑर्लीन एकोणीस वर्षं त्या खिडकीत होती. त्यातली सोळा नुसत्या गोळ्या मोजण्यात आणि खोकी उचलण्यात गेली. लोक तिला "औषधवाली पोरगी" म्हणायचे. चाळिशी उलटली तरी पोरगीच. मग फार्मसी टेक्निशियनांसाठी अभ्यासक्रम निघाला. दोन वर्षं दर शनिवारी पहाटेची बस धरून ती राजधानीला, किंग्स्टनला गेली, स्वतःच्या मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून टक्केवारी आणि मात्रांची गणितं शिकली. एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीच्या पुस्तकात तिचं नाव चढलं. पॅरिशमध्ये, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यात, फार्मासिस्ट कमी. मिस्टर ग्रँडिसन एकटे तीन केंद्रं सांभाळायचे. म्हणून गेल्या ऑगस्टपासून कौन्सिलने प्रयोग म्हणून पॅरिशमधल्या सहा टेक्निशियनांना एरवी फार्मासिस्टच करतो त्या शेवटच्या तपासणीचा अधिकार दिला. त्या दिवशी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी एक नियम घोकून घेतला होता: जिने औषध भरलं, तिने ते तपासायचं नाही. पण जोडीदारीण डेंग्यूने आडवी झाली, तिसरी जागा वर्षभर रिकामी. ऑर्लीनने फोन केला तेव्हा ग्रँडिसन म्हणाले होते, "माझे काय चार तुकडे करू? आठ दिवस चालवून घे. तू हुशार आहेस." हुशार म्हटल्यावर ती विरघळली होती.

तिने मिस आयसिल्डांचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग खिडकीची फळी खाली ओढली. बाहेरून आरडाओरडा झाला. "अगं ए, इन्सुलिन दे आणि मग जा कुठं जायचं तिथं!" ती फळी वर करून म्हणाली, "नर्स येतील, त्या देतील. माझ्या हातून एका बाईच्या जिवावर बेतलंय." हे ती मोठ्याने बोलली होती की मनात, ते तिला पुढे कधी आठवलं नाही.

मिस आयसिल्डांच्या वस्तीकडे, सीडर बॉटमला, जाणारी टॅक्सी पुलापर्यंतच गेली. तिथून वर चढण. ऑर्लीनचं वय सेहेचाळीस, गुडघे कुरकुरणारे, पायात कामावरचे सपाट बूट. ती पळायची, थांबायची, पुन्हा पळायची. वाटेत एका अंगणातून बाईने विचारलं, "काय गं, कोण मेलं?" ऑर्लीन पळत राहिली.

शर्नेट तिच्याआधी पोचली होती आणि मलम हातात घेऊन खाटेशी बसली होती. मिस आयसिल्डांना तोंड उघडवत नव्हतं. एरवी ही बाई काळी कुळकुळीत, बाजारात भरलेल्या टोपल्या डोक्यावरून उतरवणारी. आता ओठ पांढुरके झालेले, कपाळ तापलेलं, आणि दंडांवर, कोणी मारल्यासारखे, जांभळे डाग.

"आरोग्यसेविका काल येऊन गेली," शर्नेट म्हणाली. "डेंग्यू म्हणाली. या गल्लीत तीन घरांत आहे. पण तुम्ही इथं कशा?"

"गोळ्या कुठायत?"

"कुठल्या?"

"अगं, सांध्यांच्या! लवकर!"

डबी खिडकीत होती. ऑर्लीनने झाकण उघडून गोळ्या तळव्यावर ओतल्या. अठ्ठेचाळीसमधल्या बारा उरल्या होत्या.

"एक दिवस चुकवला नाही हो," शर्नेट अभिमानाने म्हणाली. "मी स्वतः दिल्या. तुम्हीच लिहिलं होतं ना, रोज चार."

ऑर्लीनला वाटलं आता जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. ती एवढंच म्हणाली, "इस्पितळात न्यायचं. आत्ता."

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये केळी भरलेली होती. निम्मे घड रस्त्यावर उतरवून मागे गादी टाकली. उतारावर गाडी हिंदकळत असताना ऑर्लीनचा फोन वाजला. ग्रँडिसन.

"खिडकी बंद करून कुठं उंडारतेयस?"

तिने एका दमात सगळं सांगितलं.

"त्या भागात डेंग्यू आहे ना?" ते म्हणाले.

"आहे, पण—"

"मग डॉक्टरांना त्यांचं काम करू दे. तू डबी घेऊन परत ये. मी येईपर्यंत कुणाशी बोलू नकोस आणि काही लिहूही नकोस. ऑर्लीन, ऐकतेयस ना? मी तुझ्याच भल्याचं सांगतोय. दोन वर्षं मान मोडून शिकलीस ती कशासाठी?"

डबी तिच्या झग्याच्या खिशात होती. लेबल सोलून काढायला दोन सेकंद लागले असते.

इस्पितळाच्या अपघात विभागात खाटांना खाट लागलेली. निम्मी माणसं तापाचीच. डॉ. रीड ही तरुण डॉक्टर दोन पाळ्या सलग केल्यासारखी दिसत होती. तिने डाग पाहिले, ताप पाहिला, रक्त काढायला सांगितलं आणि कागदावर लिहून टाकलं: डेंग्यू. "सलाईन लावा. रक्तातल्या पेशी कमी असणारच, सगळ्यांच्याच आहेत. पुढे."

ती पुढच्या खाटेकडे वळली. ऑर्लीन भिंतीला टेकून उभी होती. दोन मिनिटं गेली असतील, तीन गेली असतील. त्या तीन मिनिटांत तिने काय काय विचार केला, हे तिने नंतर फक्त आपल्या बहिणीला सांगितलं: ही बाई कदाचित सलाईननेच बरी होईल, असा. ती मेली तरी डेंग्यूनेच मेली असं सगळे म्हणतील, असाही.

मग ती पुढे झाली आणि तिने डॉक्टरचा दंड धरला.

"डेंग्यू नाहीये. मेथोट्रेक्सेट आहे. नऊ दिवस रोज दहा मिलिग्रॅम."

डॉ. रीडने वळून पाहिलं. "रोज? कुणी सांगितलं त्यांना रोज घ्यायला?"

"मी. लेबल माझं. तपासणीही माझी." तिने डबी पुढे केली.

त्यानंतर पळापळ झाली. या विषावर उतारा आहे, पण इस्पितळाच्या कपाटात दोनच मात्रा निघाल्या. बाकीच्या किंग्स्टनहून मागवाव्या लागल्या. त्यांची गाडी दुपारी साडेचारला आली. तोवर ऑर्लीन बाहेरच्या बाकावर बसून होती. शर्नेट येऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"सकाळी खिडकीत माझी चेष्टा केलीत तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"नाही गं. आईशपथ नाही."

"मी भरवल्या. तोंड दुखतंय म्हणायची, तरी दाबून दाबून भरवल्या. म्हटलं डॉक्टरांचं औषध आहे." शर्नेटचा आवाज चढला नाही. "माझ्या हाताने मारत होते मी तिला. हे करून ठेवलंत तुम्ही."



मिस आयसिल्डा सतरा दिवस इस्पितळात होत्या. दोनदा रक्त चढवावं लागलं. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं, पाद्रीबुवाही येऊन गेले. पण बाई चिवट. वाचल्या. डोक्यावरचे केस गेले, वजन निम्म्यावर आलं, तरी स्वतःच्या पायांनी पायरी उतरल्या.

कौन्सिलची चौकशी किंग्स्टनला झाली. लांबट टेबलामागे तिघे जण बसले होते. ऑर्लीनने काही लपवलं नाही. ग्रँडिसनही आले होते, इस्त्रीच्या सुटात. "भरणं आणि तपासणं एकटीने कर, असं मी कधीही म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "नियम तिला पाठ होता. परीक्षेत लिहिलाय तिने." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फोनवरच्या बोलण्याला पुरावा कुठला असणार?

टेबलामागच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "मिस पिनॉक, लेबल चुकलं त्या दिवशी किती चिठ्ठ्या एकटीने केल्यात?"

"एकशे चाळीस."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्याचा उपयोग झाला की नाही, देव जाणे. ऑर्लीनचं नाव दोन वर्षांसाठी पुस्तकातून काढलं. शिवाय शेवटच्या तपासणीचा प्रयोग सगळ्यांसाठीच थांबवला. सहाच्या सहा जणी पुन्हा गोळ्या मोजायला लागल्या. ग्रँडिसन तिन्ही केंद्रांत तसेच धावत राहिले आणि रांगा दुपारी तीनपर्यंत हलेनाशा झाल्या. डेंग्यूतून उठलेल्या जोडीदारणीने फोन करून ऐकवलं, "तू बुडालीस ते बुडालीस, आम्हालाही घेऊन बुडालीस."

नोव्हेंबरात ऑर्लीन सीडर बॉटमला गेली. शर्नेटने तिला दारातून आत घेतलं, पण बस म्हटलं नाही. मिस आयसिल्डा खुर्चीत होत्या, डोक्याला फडकं बांधलेलं. मनगटं भोपळ्यासारखी सुजलेली आणि बोटं एका बाजूला कलंडत चाललेली.

"डॉक्टर नवी गोळी देतायत, घेत नाही म्हणे तुम्ही," ऑर्लीन म्हणाली.

"कुठलीच घेत नाही. रक्तदाबाचीही नाही. सेरसीच्या कडू पाल्याचा काढा पिते."

"काढ्याने सांधे नाही थांबायचे, मिस आयसिल्डा. हात जातील तुमचे."

"जाऊ देत."

ऑर्लीन जमिनीवर गुडघे टेकून बसली. "मला शिव्या द्या, मारा, काहीही करा. पण औषधाचा काय दोष? दोष माझा होता. मी दर आठवड्याला स्वतः येईन. लेबल शर्नेटला वाचू दे, नर्सला वाचू दे, दहा जणांना वाचू दे."

म्हातारीने तिच्याकडे निवांत पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ऑर्लीनला बरं वाटलं असतं.

"पोरी, मी तुला कधीच माफ केलंय. तू तोंड उघडलं नसतंस तर मी मातीत असते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला. पण डबी दिसली ना, की माझ्या घशाशी येतं. शर्नेट पाणी घेऊन आली की मी पोरासारखी तोंड घट्ट मिटते. मन माझं नाही ऐकत, त्याला मी काय करू?"

"सवय होईल हळूहळू."

"आणि तू येणार म्हणतेस, ती कोण म्हणून येणार? तुझं नाव तर काढलंय ना त्यांनी?"

शर्नेट चुलीपाशी केळी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

ऑर्लीन तरीही पुढच्या आठवड्यात गेली. त्याच्या पुढच्याही. कधी ती मिस आयसिल्डांच्या झग्याची बटणं लावून द्यायची, कधी नुसतीच पायरीवर बसून राहायची. गोळीचा विषय काढला की म्हातारी डोळे मिटून घ्यायची. नाताळपर्यंत तिच्या उजव्या हाताची मूठ उघडेनाशी झाली होती.